सायलेन्सरला चिकटलेली पिशवी

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब गावी निघालो होतो. घाट ओलांडला आणि गाडीत जळका वास भरला. "चकल्या तर करपल्या नाहीत ना?" मातोश्रींनी विचारले! उतरून वाकून पाहतो, तो रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी सायलेन्सरच्या नळीवर वितळून बसलेली. मी शहाणपणाने लगेच स्क्रू-ड्रायव्हर लावला. प्लॅस्टिक पाकासारखे ताणले गेले आणि एक थेंब बोटावर पडला. तो झटकता येत नाही, ओढला तर कातडीही येते. मातोश्रींनी बोट वीस मिनिटे गार पाण्याखाली धरायला लावले, म्हणून थोडक्यात निभावले.

वाचकहो, ही घाई आपण करू नये. पिशवीचे पॉलिथिन 110 ते 130 अंश सेल्सिअसला वितळते. नळी त्याहून कितीतरी अधिक तापते. म्हणून गाडी वाळल्या गवतापासून दूर उभी करून पुरती थंड होऊ द्यावी. मग कडक झालेले प्लॅस्टिक लाकडी उलथण्याने कडेकडेने उचलावे, पापुद्रे सुटतात. राहिलेला पातळ थर गाडी चालता चालता जळून जातो, वास तेवढा काही दिवस सोसावा लागतो. तापल्या नळीला पेट्रोल किंवा रॉकेल लावाल तर भडका उडेल. आणि थर जाळण्यासाठी बंद गॅरेजात इंजिन मुळीच चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस बसल्या जागी जातो.

आमचे उलथणे मात्र सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरात परत घेतले नाही. ते आता गाडीच्या डिकीत असते.