भोंगा गेला, घड्याळ आले

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून लोकलला लोंबकळत परळच्या जुन्या गिरण्यांच्या जागी थाटलेल्या जाहिरात कंपन्यांत जाणारा चित्रकार स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही. त्याच्या संगणकावरील सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक कामाची मिनिटे नोंदवते. १९११ साली टेलरने शास्त्र म्हणून मांडलेली घड्याळशाही ती हीच! गिरणीचा भोंगा पाळी संपल्याचेही सांगे. हे घड्याळ मिनिटामिनिटाचे बिल ग्राहकाला लावते आणि पगारपत्रकाशी येताच मुके होते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट वेतन आहे. त्याचा पुरावा याच नोंदीत दडला आहे. तिची प्रत दरमहा कामगाराच्या हाती पडलीच पाहिजे. कार्यकर्त्यांनी या मागणीची सुरुवात बदलापूरच्या फलाटावरूनच करावी.