अखेरची मोटार

जुन्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिरातींत एक विशेषण वारंवार आढळतें : ‘अखेरची.’ अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीची 1976 सालची एल्डोराडो ही उघड्या छपराची गाडी आजही विक्रीस येते, तेव्हां तिच्या नांवामागें हें विशेषण बहुधा असतेंच. या एका शब्दावर एके काळीं पुष्कळांनीं आपली पुंजी लावली. ती हकीकत सुज्ञ वाचकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.

‘एल डोराडो’ म्हणजे स्पॅनिश भाषेंत सुवर्णमंडित. दक्षिण अमेरिकेंतील एका सुवर्णनगरीची दंतकथा या नांवाभोंवतीं वाढली. तिच्या शोधांत अनेक साहसी पुरुष गेले, परंतु ती कोणासही सांपडली नाहीं. हें नांव कॅडिलॅकनें 1953 सालीं आपल्या उंची उघड्या गाडीस दिलें. 1976 सालची गाडी 18 फुटांहून लांब व 5,000 पौंडांहून जड; तिचें आठ सिलिंडरांचें इंजिन 8.2 लिटरांचें. बटण दाबतांच तिचें कापडी छप्पर विजेच्या बळानें दुमडून मागें जातें.

अशा गाड्यांचा काळ तेव्हां ओसरत होता. 1965 च्या सुमारास अमेरिकेंत त्यांचा वार्षिक खप पांच लाखांच्या घरांत होता; दहा वर्षांत तो अगदींच थोडा उरला. गाडींत हवा थंड करणारें यंत्र आलें, जलद हमरस्ते झाले, आणि वारा अंगावर घेण्याची हौस मंदावली. शिवाय, गाडी उलटली असतां छपरानें उतारूंचें रक्षण केलें पाहिजे, असा नियम सरकार करील अशी कारखानदारांस धास्ती होती. एकेक कंपनी उघडी गाडी बंद करीत गेली. शेवटीं कॅडिलॅकनें आपली गाडी अमेरिकेंतील अखेरची उघडी गाडी म्हणून जाहीर केली.

आदल्या वर्षीं 9,000 हून कमी निघालेल्या या गाड्या त्या वर्षीं 14,000 निघाल्या. शेवटच्या 200 एकसारख्या, पांढर्‍या रंगाच्या व तांबड्या-निळ्या रेघांच्या होत्या. त्यांतली अगदीं शेवटची 21 एप्रिल रोजीं डेट्रॉइट येथें तयार झाली. मूळ किंमत सुमारें 11,000 डॉलर. लवकरच दुप्पट मागितली जाऊं लागली. कित्येकांनीं गाडी न चालवितां झांकून ठेविली.

परंतु धास्ती होती तो नियम उघड्या गाड्यांवर आलाच नाहीं. 1982 सालीं क्रायस्लर आदि कंपन्यांनीं अशा गाड्या पुनः काढल्या, व 1984 सालीं खुद्द कॅडिलॅकची उघडी एल्डोराडो बाजारांत आली. संतप्त झालेल्या कांहीं खरेदीदारांनीं न्यायालयांत धांव घेतली. तेथें त्यांस यश आलें नाहीं.

आपले नैयायिक शब्दास प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा असेल तरच. आणि आप्त म्हणजे यथार्थ जाणून यथार्थ सांगणारा. विक्रेता कितीही सचोटीचा असो, उद्यांची गोष्ट तो जाणत नाहीं. ‘ही गाडी उत्तम आहे’ हें विधान आज पारखतां येतें. ‘अशी पुनः होणार नाहीं’ हें विधान पारखण्यास भविष्यकाळच यावा लागतो, आणि तोंवर पैसे देऊन झालेले असतात. शिवाय वस्तु करणें ज्यानें थांबविलें, त्यास ती पुनः करण्याची मुभा असतेच.

त्या 11,000 डॉलरांचे आजच्या चलनमानानें 60,000 च्या वर होतात. चांगल्या स्थितींतील ही गाडी सामान्यतः त्याहून पुष्कळ कमी किंमतीस मिळते. ज्यानें ती झांकून ठेविली तो तोट्यांत गेला. ज्यानें छप्पर मागें सारून वीस उन्हाळे मुलांबाळांस फिरविलें, त्याचे पैसे फिटले.

तेव्हां ही गाडी घेऊं इच्छिणार्‍यानें छप्पर नीट दुमडतें कीं नाहीं, तळाचा पत्रा गंजला आहे काय, बंपराजवळचे लवचिक भाग वयोमानानें तडकले आहेत काय, हें हातानें चांचपून पाहावें. ‘अखेरची’ या शब्दाचे दाम शून्य धरावे. मोटार असो, दागिना असो वा लुगडें असो, अशा प्रत्येक वस्तूपाशीं आपल्या मनास एवढेंच विचारावें : पुढच्या वर्षीं हीच वस्तु पुनः निघाली, तरीही ही मला हवी आहे काय? उत्तर होकाराचें आलें, तर ती खुशाल घ्यावी.