खाडीकाठचं ज्ञान आणि विद्यापीठाचा उंबरठा

२०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचं एक मादी कासव अंडी घालायला आलं. त्याच्या पायाला धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ही पट्टी २०२१ साली ओडिशात गहिरमाथ्याला लावलेली होती. म्हणजे बंगालच्या उपसागरातलं कासव साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर कापून आपल्या वाळूत आलं. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, ही जुनी समजूत त्या एका पट्टीने हलवली.

अशी पट्टी दिसायची तर रात्री किनाऱ्यावर कुणीतरी जागं असावं लागतं. गुहागरात ते काम गावातलेच कासवमित्र करतात. थंडीच्या दिवसांत पहाटेपर्यंत पुळणीवर चालायचं, पावलांच्या खुणांवरून घरटं ओळखायचं, अंडी हलक्या हाताने उचलून कुंपणातल्या खड्ड्यात ठेवायची आणि पन्नासेक दिवस त्यांची राखण करायची. २०२२ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने वन विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्यासोबत कासवांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. पश्चिम किनाऱ्यावर हे पहिल्यांदाच घडत होतं. वेळासची ‘प्रथमा’ पहिली. पाठोपाठ गुहागरच्या ‘वनश्री’ आणि ‘रेवा’ यांची नावं पेपरात आली. २०२३ मध्ये गुहागरातूनच ‘गुहा’ आणि ‘बागेश्री’ सोडल्या. बागेश्री केरळ, श्रीलंका करत बंगालच्या उपसागरात पोहोचली.

बातमी वाचून आपण खूश होतो आणि पान उलटतो. मला मात्र एक प्रश्न पडतो. आपल्या वाळूतून निघालेल्या या शास्त्रात आपली मुलं कुठे आहेत? ‘आपली’ म्हणजे कोकणातली सगळीच, पण हा लेख मी विशेष करून आपल्या मुस्लिम समाजासाठी लिहितोय.

प्राणी, वनस्पती, माती, पाणी आणि माणूस यांचे एकमेकांशी काय संबंध आहेत, हे शोधणारं शास्त्र म्हणजे इकॉलॉजी. भारतात या विषयाचा विभाग कसा उभा राहिला, ते पाहण्यासारखं आहे. पुण्याच्या माधव गाडगीळांनी हार्वर्डहून परत आल्यावर वा. द. वर्तकांसोबत सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. पुढे १९८३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसर विज्ञान केंद्र सुरू केलं. रामन सुकुमारांचं हत्तींवरचं आणि राघवेंद्र गदगकरांचं गांधीलमाश्यांच्या वसाहतींवरचं काम याच केंद्राचं. त्या विभागाचे लोक चार भिंतींत बसून राहिले नाहीत. मुदुमलाईच्या जंगलात ५० हेक्टरचा तुकडा आखून तिथलं एकेक झाड ते वर्षानुवर्षं मोजत आले. उत्तर कन्नडमध्ये कुमट्याला त्यांचं ठाणं होतं. गावकऱ्यांना त्यांचं पाणी, मासे, झाडं विचारून ‘लोक जैवविविधता नोंदवही’ करायची कल्पना याच मुशीतून आली आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर ती देशभरात गेली.

हेच गाडगीळ शाळकरी वयाचे असताना त्यांना एका वेडा राघूच्या शेपटीचं कोडं पडलं. त्यांनी थेट सलीम अलींना पत्र लिहिलं आणि सलीम अलींचं उत्तरही आलं. पुढे दोघांनी पक्ष्यांच्या सामूहिक रातथाऱ्यांवर मिळून शोधनिबंध लिहिला. एका मुलाच्या पत्राला एका मोठ्या माणसाने वेळेवर उत्तर दिलं, हीसुद्धा त्या विभागाच्या पायातली एक वीट आहे, असं मी मानतो.

सलीम अलींचं नाव आपण अभिमानाने घेतो. शाळेच्या भिंतीवर त्यांचा फोटो लावतो. पण त्यांची वाट आपण नीट पाहिलेली नाही. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरातला हा मुलगा. पूर्ण पदवी हाती नव्हती म्हणून प्राणिशास्त्र सर्वेक्षणातली जागा त्यांना मिळाली नाही. बर्लिनला जाऊन शिकून १९३० मध्ये ते परतले, तर पैशांअभावी संग्रहालयातली जागाच बंद झालेली. मग पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच्या झाडांवर सुगरणीची घरटी होती. ते बसून पाहत राहिले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि दुसऱ्या घरट्याला लागतो. हा शोध कोकणच्या किनाऱ्यावर, नोकरी नसलेल्या एका मुस्लिम माणसाने लावला. आज पुदुच्चेरी विद्यापीठातल्या परिस्थितिकी शाळेला आणि कोइम्बतूरच्या पक्षिविज्ञान केंद्राला त्यांचं नाव आहे.

आता आपल्याकडे पाहू. दाभोळपासून जयगडपर्यंतच्या खाड्यांत आपली माणसं पिढ्यान् पिढ्या जाळी टाकत आली. उधाण कधी, भांग कधी, मतलई वारा सुटला की होडी कुठे न्यायची, कोणत्या महिन्यात कोणता मासा खाडीत शिरतो, हे दालदी घरातल्या म्हाताऱ्याला तोंडपाठ असतं. ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायकांना खाडीचा गाळ कुठे वाढला ते आधी कळतं. हे निरीक्षणच आहे, फक्त वहीत उतरलेलं नाही. आणि या घरातला मुलगा बारावी झाला की आपण त्याला काय सांगतो? जहाजावर जा, आखातात जा, फार्मसी कर. मुलगी हुशार निघाली तर डी.एड. या रोजीरोटीने आपली घरं उभी केली, तिला मी नावं ठेवणार नाही. पण सत्काराच्या स्टेजवर इकॉलॉजी शिकणारं पोर मी आजवर पाहिलेलं नाही.

‘त्यातून नोकरी काय लागणार?’ हा प्रश्न रास्त आहे. जागा कमी आहेत, हे खरं. पण वाटा आहेत. नेट-जेआरएफची शिष्यवृत्ती आहे, भारतीय वन सेवा आहे, संशोधन संस्थांतले प्रकल्प आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावलाच आहे. घर सोडून बंगळूर गाठलंच पाहिजे असं नाही.

आणि नोकरीच्या पलीकडचं एक कारण मला जास्त मोठं वाटतं. नव्वदच्या दशकात अंजनवेलला एन्रॉनचा वीज प्रकल्प आला. १९९७ मध्ये वेलदूरच्या मच्छीमार बायकांनी त्याविरुद्ध मार खाल्ला, अटक झेलली. खाडीचं काय होईल हे त्यांना दिसत होतं, पण पर्यावरण अहवालाच्या भाषेत ते मांडणारं त्यांच्या घरातलं कुणी नव्हतं. उद्या कुठलाही प्रकल्प येवो, जेटी, बंदर, रिसॉर्ट, अहवाल कुणीतरी लिहिणारच. तो लिहिणाऱ्याला खाडी माहीत असेल की फक्त नकाशा, यावर आपल्या जाळ्यातला मासा अवलंबून आहे.

दोष एकट्या समाजाचा नाही. विद्यापीठातले विभागही आपापल्या वर्तुळात राहतात. संशोधक येतात, गावातल्या घरात जेवतात, होडीवाल्याला सोबत नेतात, निबंधाच्या शेवटी त्याचे आभार मानतात. निबंध इंग्रजीत छापला जातो आणि होडीवाल्यापर्यंत पोहोचत नाही. विभागाचं सामूहिक जीवन म्हणजे वसतिगृह, चहा आणि चर्चासत्र एवढंच नसावं. ज्याच्या होडीतून नमुने आणले, त्यालाही त्यात जागा हवी. निष्कर्ष मराठीत लिहून ग्रामपंचायतीत वाचून दाखवायला खर्च येत नाही. ज्याच्या नोंदीवर निष्कर्ष उभा आहे त्याचं नाव लेखकांच्या यादीत का नको?

आपल्यालाही काही करता येईल. जमातीच्या शिष्यवृत्तीतली एखादी जागा निसर्गविज्ञान शिकणाऱ्या मुला-मुलीसाठी ठेवा. पुढच्या सत्कार समारंभाला पुढाऱ्याऐवजी एखाद्या कासवमित्राला पाहुणा म्हणून बोलवा. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी. आपल्या गावच्या समितीत मच्छीमार घरातली बाई आहे का, ते जाऊन विचारा. नसेल तर तिचं नाव सुचवा. आणि घरातल्या म्हाताऱ्यापाशी वही घेऊन बसा. मासे, वारे, भरती, जे सांगेल ते तारखेसकट उतरवा. कदाचित तीच वही घेऊन तुमची मुलगी एक दिवस विद्यापीठात जाईल, आणि तेव्हा तिथल्या प्राध्यापकाला तिच्याकडून शिकावं लागेल.