पलुसकर सभागृहातले पलुसकर कोण? संगीताच्या तासाबद्दल थोडं मनातलं



नाशिककरांना पंचवटीतलं इंद्रकुंडाजवळचं पलुसकर सभागृह नवीन नाही. शाळेच्या स्पर्धा, सत्कार, व्याख्यानं, काही ना काही तिथे चालूच असतं. काही वर्षांपूर्वी मी समूहगीत स्पर्धेसाठी माझ्या वर्गातली मुलं घेऊन तिथे गेले होते. दारातच एका मुलीने पाटी वाचून विचारलं, "मॅडम, पलुसकर म्हणजे कोण?" मी गडबडीत होते. "असतील कोणीतरी मोठे नेते," असं सांगून मी मुलांच्या रांगा लावायला लागले.

घरी आल्यावर शोधलं आणि स्वतःचीच लाज वाटली. ज्या माणसामुळे आज आपल्या घरातली साधी मुलंमुली क्लासला जाऊन गाणं शिकू शकतात, त्या माणसाच्या नावाच्या पाटीखाली उभं राहून मी चुकीचं उत्तर दिलं होतं. आजचा लेख त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. आणि त्यासोबत आपल्या शाळेतल्या संगीताच्या तासाबद्दल एक तक्रारही आहे. ती तक्रार आधी माझ्याबद्दलच आहे.

शाळा सुटलेला मुलगा

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाका तोंडाजवळ फुटला आणि विष्णूच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. पुस्तक वाचणं कठीण झालं, शाळा सुटली. आजच्या भाषेत बोलायचं तर हे विशेष गरजा असलेलं मूल. त्या काळात अशा मुलाचं पुढे काय होणार, असंच सगळ्यांना वाटलं असेल. पण त्याला मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणं शिकायला ठेवलं. डोळ्यांनी बंद केलेला रस्ता कानांनी उघडला.

त्यांच्याबद्दल एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. मिरजेत एका समारंभाचं निमंत्रण विष्णूला आलं, पण त्याच्या गुरूंना आलं नाही. कारण काय, तर ते 'गवयी'! गाणं लोकांना हवं होतं, पण गाणाऱ्याला मान नव्हता. चांगल्या घरातली मुलं गाणं शिकत नसत, मुलींचं तर नावच नको. ही परिस्थिती बदलायची असं ठरवून १८९६ मध्ये विष्णु दिगंबर मिरजेतून बाहेर पडले.

गाण्याची 'शाळा' म्हणजे काय?

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. आपल्याकडून इतक्या लांब, भाषा वेगळी, ओळखीपाळखी कमी. कुठल्या एका राजाच्या आश्रयावर न राहता लोकांच्या देणग्या आणि आपल्या मैफलींची कमाई यांवर त्यांनी ही संस्था चालवली. पुढे १९०८ मध्ये मुंबईला विद्यालय काढलं.

शिक्षक म्हणून मला इथे त्यांचं सगळ्यात मोठं काम दिसतं. तोपर्यंत गाणं गुरूच्या घरी राहून, सेवा करून, गुरूच्या मर्जीने मिळायचं. पलुसकरांनी त्याला वर्ग दिला, वेळापत्रक दिलं, इयत्तेप्रमाणे अभ्यासक्रम दिला, परीक्षा आणि प्रमाणपत्र दिलं. गाणं कागदावर लिहिता यावं म्हणून स्वतःची स्वरलिपी तयार केली, मुलांसाठी 'संगीत बालप्रकाश'सारखी क्रमिक पुस्तकं लिहिली. स्वतःला नीट दिसत नसताना या माणसाने इतरांसाठी पाठ्यपुस्तकं केली!

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी नुसते गायक घडवले नाहीत, शिक्षक घडवले. त्यांच्या 'उपदेशक' वर्गात निवडक विद्यार्थी नऊ वर्षं राहून शिकत. एक प्रकारे संगीताचं डीएडच म्हणा ना! ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही मंडळी त्यांच्याच हाताखालची. यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःची विद्यालयं काढली किंवा चालवली.

ते रचनाकारही होते. 'रघुपती राघव राजाराम' ही धून आपण परिपाठात सहज म्हणतो, तिची चाल त्यांचीच मानली जाते. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते 'वंदे मातरम्' गात.

आणि नाशिक?

मुंबईच्या विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली, पण कर्जही उभं राहिलं. शेवटी इमारत लिलावात गेली. आयुष्यभराची कमाई अशी डोळ्यांदेखत गेली. आयुष्याच्या उत्तरार्धात ते आपल्या नाशिकला पंचवटीत आले. इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला. तुलसीदासांचं रामायण गात गात सांगायचं, शिष्यांना शिकवायचं, असे ते दिवस होते. पुढे दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला त्यांचं निधन झालं. त्यांचा मुलगा दत्तात्रेय तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. वडिलांच्याच शिष्यांनी त्याला शिकवलं आणि तो पंडित डी. व्ही. पलुसकर झाला. 'बैजू बावरा' सिनेमातली अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी तुम्ही ऐकली असेल, त्यातला एक आवाज त्यांचा.

इमारत गेली, पण शिकवलेली माणसं राहिली. १९३१ मध्येच शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमच्या मुलीने दिलेली 'प्रारंभिक' किंवा 'प्रवेशिका' परीक्षा याच मंडळाची. म्हणजे पलुसकरांचं नाव नकळत आपल्या घराच्या भिंतीवर फ्रेम करून टांगलेलं असतं.

आता तक्रार

कला हा विषय आपल्या वेळापत्रकात आहे. पण शिष्यवृत्तीची तयारी, पायाभूत चाचणी, ऑनलाइन माहिती भरणं यात पहिला बळी कोणाचा जातो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः कितीतरी वर्षं संगीताच्या तासाला भागाकार घेतला. आणि सत्राच्या शेवटी वर्णनात्मक नोंदीत मात्र तीस मुलांपुढे लिहिलं, 'गीत तालासुरात म्हणतो', 'समूहगीतात आनंदाने सहभागी होते'. एकही तास न घेता! हे लिहिताना पेन अडखळायला हवा होता, पण नाही अडखळला.

पालकांचंही थोडं चुकतं, राग मानू नका. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हटल्यावर क्लासला गर्दी होते. गुण मिळाले की हार्मोनियम माळ्यावर. परीक्षा पलुसकरांनीच आणली, त्यामुळे परीक्षेला मी नावं ठेवणार नाही. काही जाणकार म्हणतात की वर्गात आणि परीक्षेत खरा गायक घडत नाही. असेलही. पण मला वाटतं, वर्गाचं काम गायक घडवणं नाहीच मुळी. सगळे तानसेन होणार नाहीत, पण कानसेन व्हायचा हक्क प्रत्येक मुलाला आहे. परीक्षा ही शिडी आहे, आपण तिलाच माळा समजून बसलो.

रशियातले प्रसिद्ध संगीतकार दिमित्री काबालेव्स्की यांचं उदाहरण बघा. मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी रचना करणारा हा माणूस सत्तरीला आला असताना, १९७३ मध्ये, मॉस्कोच्या एका साध्या शाळेत लहान मुलांना संगीत शिकवायला गेला आणि त्यातून शाळांसाठी अभ्यासक्रम तयार केला. मोठ्या कलावंताला पहिलीचा वर्ग छोटा वाटला नाही. मग आपल्याला तो तास 'मोकळा' का वाटतो?

"मला गाता येत नाही हो!"

मलाही येत नाही. डीएडला शिकलेली चार गाणी, एवढंच माझं भांडवल. पण गेल्या वर्षीपासून मी आठवड्यातला तो एक तास भागाकाराला देत नाही. मोबाइलवर तानपुरा लावते आणि सगळे मिळून फक्त 'सा' लावतो. मग टाळ्यांवर केरवा, आठ मात्रा. दादरा, सहा मात्रा. सहाचा पाढा दादऱ्यात म्हणून बघा, मुलं विसरत नाहीत. कधी एखादं गाणं ऐकतो आणि कोणतं वाद्य वाजतंय ते ओळखतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. वाचनात मागे, बोलायचा नाही, आणि हात सतत बाकावर वाजवत बसायचा. मी त्याला रोज रागवायचे. केरव्याच्या पहिल्याच तासाला सगळा वर्ग चुकत होता आणि हा एकटा अचूक ठेका धरून होता. विचारलं तेव्हा कळलं, वडील गणपतीत ढोलपथकात वाजवतात. त्या दिवशी तो पुढे उभा राहिला आणि वर्ग त्याच्यामागे चालला. तो लगेच घडाघडा वाचायला लागला, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी हजेरीला त्याने पहिल्यांदा मोठ्याने "हजर मॅडम" म्हटलं.

शाळा सुटलेल्या, नीट न दिसणाऱ्या एका मुलाला कोणीतरी गाण्याच्या गुरूकडे नेलं, म्हणून पलुसकर झाले. आपल्या वर्गातला बाकावर वाजवणारा हात आपण थांबवायचा की त्याला ताल द्यायचा, हे आपल्याच हातात आहे.

मित्रांनो, या आठवड्यात एक करा. वेळापत्रकातला संगीताचा तास शोधा आणि तो खरंच घ्या. पालकांनो, क्लासवरून आलेल्या मुलाला "परीक्षा कधी आहे?" विचारण्याऐवजी "आज काय शिकलास, गाऊन दाखव" म्हणा. आणि पंचवटीत गेलात तर मुलांना ती पाटी दाखवा. कोणी विचारलं की पलुसकर कोण, तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका. सांगा, ते शिक्षक होते.