संशोधन गावाच्या दारी, पण संमतीनेच

मालवण तालुक्यातील कट्टा परिसरात एखादे मूल अत्यवस्थ झाले, की पालक ओरोस गाठतात. तेथे भागले नाही तर गोव्यातील बांबोळी. सिंधुदुर्गनगरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. परंतु वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे केवळ खाटांची वाढ नव्हे. आपल्या भागातील आजारांविषयी नवे ज्ञान मिळविणे, हेही त्याचे कर्तव्य आहे.

असे ज्ञान महानगरांतच निर्माण होते, हा समज कोकणानेच खोटा ठरविला आहे. लाल विंचवाच्या दंशाने येथे मुले दगावत. त्या विषाने शरीरातील ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये उसळतात, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात आणि अखेर फुप्फुसांत पाणी साचते. विषाची तीच मात्रा मुलाच्या लहान देहात अधिक घातक ठरते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, श्वास, रक्तदाब यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून १९८२ साली या दंशाची पूर्वलक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये मांडली गेली आणि १९८६ साली प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीचा उपयोग जगापुढे आला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून एक टक्क्याखाली उतरल्याचे त्यांचे निष्कर्ष सांगतात. पुढे ७० रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरे होतात, असे दिसले. ती २०११ साली प्रसिद्ध झाली.

या यशाचे रहस्य यंत्रसामग्रीत नव्हते, ते काटेकोर नोंदींत होते. ज्या जांभ्याच्या गडग्यांत आणि गवताच्या उडव्यांत विंचू दडतो, त्या मुलखातच हा प्रश्न सुटणे शक्य होते. शिवाय अनेक औषधे प्रौढांवरच तपासली जातात आणि मुलांना ती वजनाच्या अंदाजाने दिली जातात. मुलांवर संशोधनच नको म्हणणे, म्हणजे हा अंदाज कायम ठेवणे होय.

तथापि नाण्याला दुसरी बाजू आहे. २००९ साली आंध्र व गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प मुलींवर राबविला गेला. २०१० साली तो थांबवावा लागला. आंध्रातील कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. त्या काळात झालेल्या मृत्यूंशी लशीचा संबंध चौकशीत आढळला नाही. पण लस निर्दोष ठरली म्हणून पद्धत निर्दोष ठरत नाही. २०१३ साली संसदीय समितीने त्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. शिक्षकाचा अधिकार वर्गापुरता असतो. दुसऱ्याच्या मुलाच्या देहावर तो चालत नाही.

आज नियम स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांपुढील मुलाचा होकारही घ्यावा लागतो. बारा वर्षांपुढे तो लेखी हवा. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनी नुकसानभरपाई आणि नीतिसमिती बंधनकारक केली आहे. पण नियम कागदावरून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला पाहिजे. मूल तापाने फणफणले असताना आईपुढे दहा पानी कागद धरून अंगठा घेणे, ही संमती नव्हे. डॉक्टरने मालवणीत समजावून सांगावे, नकार दिला तरी उपचार तोच राहील अशी हमी द्यावी, आणि विचाराला शक्य तेवढा अवधी द्यावा.

या कामी सुशिक्षित मध्यमवर्गालाही वाटा आहे. नीतिसमितीत वैद्यकबाह्य सामान्य नागरिक असावाच लागतो. ती जागा नावापुरती भरण्याऐवजी प्रश्न विचारण्याचे धैर्य असलेल्या शिक्षकाने वा कारकुनाने भरली, तर संशोधनाला विश्वास लाभेल. कोकणातील मुलांना नव्या औषधांची गरज आहे. परंतु त्यांच्या पालकांनी समजून-उमजून दिलेल्या होकाराखेरीज ती मिळविण्याचा हक्क कोणालाच नाही.