निंबोळी पायदळी का जाते ?

मृगाच्या तोंडावर धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या वेशीतून आत शिरावे, तर कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडलेला दिसतो. माणसे तो तुडवीत जातात आणि पहिल्या मोठ्या पावसात उरलेले सारे वाहून जाते. पुढे दोन-तीन महिन्यांनी त्याच गावचा शेतकरी सोयाबीनवरील अळीसाठी तालुक्याच्या दुकानातून उधारीवर औषधाची बाटली आणतो. हा व्यवहार तोट्याचा आहे, आणि त्याचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपले वाडवडील पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला खात आणि धान्याच्या कणगीत वाळलेला पाला घालीत. या रिवाजामागे काय आहे याचा शोध शास्त्रज्ञांनी चिकाटीने घेतला. १९४२ साली सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी निंबाच्या तेलातून निंबीन व इतर कडू द्रव्ये वेगळी केली. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा आसपासची हिरवळ फस्त झाली तरी निंबाची झाडे मात्र शाबूत राहिली, ही गोष्ट श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेत भरली. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत डॉ. प्रधान यांनी निंबोळीचा गर पाण्यात कालवून उभ्या पिकावर फवारला. टोळ पिकावर उतरले, परंतु त्यांनी पानास तोंड लावले नाही.

यामागील प्रमुख द्रव्य, अॅझाडिरॅक्टिन, १९६८ साली इंग्लंडात हाती लागले. ते खाल्लेल्या अळीची भूक मरते, आणि तिला कात टाकण्यास लावणाऱ्या संप्रेरकाच्या कामात बिघाड होऊन वाढ खुंटते. त्याची घडण इतकी गुंतागुंतीची, की केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना ते प्रयोगशाळेत बनविण्यास बावीस वर्षे लागली. २००७ साली ते जमले. आपल्या बांधावरील झाड तेच काम दर उन्हाळ्यात फुकट करते ! निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर युरोपात परकीयांनी एकस्व मिळविले होते. भारतातील एका कारखानदाराने आपण ही रीत पूर्वीपासून वापरीत असल्याची साक्ष दिली, २००० साली ते रद्द झाले आणि २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले. तो हक्क आपण राखला. निंबोळी मात्र अजून पायदळीच आहे.

याचे कारण अज्ञान नव्हे. निंबोळी पिकते नेमकी पेरणीच्या घाईत, आणि तिची गरज पडते सोयाबीनला श्रावण-भाद्रपदात, तूर-हरभऱ्याला थंडीत. ज्या वेळी शेतकऱ्याला उसंत नसते त्याच वेळी ती वेचावी लागते. म्हणून ग्रामसेवकांनी भाषणे द्यावयाची तर ती वैशाखात द्यावीत. अळी पडल्यावर निंबोळीचे गुणगान करून काय उपयोग? वेचलेली निंबोळी ढिगाने ठेवल्यास तिला बुरशी लागते. गर चोळून काढावा, बी धुवून सावलीत वाळवावे आणि हवा खेळेल अशा पोत्यात कोरड्या जागी ठेवावे. असे बी आठ-दहा महिन्यांच्या आत वापरावे.

फवारणीच्या आदल्या दिवशी पाच किलो बी भरडून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे. सकाळी फडक्याने गाळून त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालावा व एकूण पाणी शंभर लिटर करावे. अर्क त्याच दिवशी संपवावा. अॅझाडिरॅक्टिन उन्हाने लवकर नासते, म्हणून फवारणी संध्याकाळी करणे बरे. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. हा अर्क मोठ्या, माजलेल्या अळीला तडकाफडकी मारीत नाही. अंडी व बारीक अळ्या दिसताच फवारला तरच गुण येतो. घाटेअळी घाट्यात शिरल्यावर अर्क मारून "निंबोळी कुचकामाची" असा निकाल देणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. पहिल्या आठवड्यात शेतात फेरी मारली असती तर तो निकाल बदलला असता.

औषधी गुणांविषयी मात्र आमचा हात आखडता आहे. निंबातील द्रव्यांचे जंतूंवर व प्राण्यांवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. परंतु नळीतील जंतू मेला म्हणजे माणसाचा रोग बरा झाला असे नव्हे. मधुमेहाच्या रोग्याने पाल्याच्या रसावर विसंबून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत. गरोदर स्त्रियांनी निंबाचे तेल वा अर्क पोटात घेऊ नये. तान्ह्या मुलांना हे तेल पाजल्याने झटके येऊन मेंदूस इजा झाल्याच्या व मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. बाळाला चमचाभर तेल पाजा, असा सल्ला गावात कोणी देत असेल, तर ग्रामसेवकांनी तो तेथल्या तेथे खोडून काढावा.