‘टाक की थोडं तेल’ म्हणण्याआधी

रेल्वेचं वेड जालन्याला नवीन नाही. ३० डिसेंबर २०२३ ला इथून मुंबईसाठी वंदे भारत सुरू झाली. आता तिची छोटी मॉडेल्सही बाजारात मिळतात. तुमच्यापैकी कुणाकडे काकांनी परदेशातून आणलेली बारा व्होल्टची गाडी असेल, कुणी प्रोजेक्टसाठी रूळ-सिग्नलचं मॉडेल बनवलं असेल. काही महिन्यांनी ती करकरायला लागते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘टाक की थोडं तेल.’

सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट. कुठलं तेल, कुठे आणि किती, हे न विचारता ओतलं तर चांगली गाडी कायमची बसू शकते. आणि बारीकसा गिअर तडकला तर तो जालन्यात शोधून दाखवाच!

घरात सगळ्यात आधी सापडतं ते खोबरेल. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबरात गाडी जाम. शिवाय खाण्याची तेलं हवेत हळूहळू चिकट होतात आणि त्यावर धूळ बसते. गॅरेजमधलं ग्रीस लोखंडी बेअरिंगसाठी असतं, इवल्याशा मोटरला ते जड जातं. काही पेट्रोलियम तेलं आणि द्रावकं पॉलिस्टायरीन, एबीएससारख्या प्लॅस्टिकला तडे पाडू शकतात. राहिला डब्ल्यूडी-४०. त्यातल्या ‘डब्ल्यूडी’चा अर्थच पाणी हटवणं. गंजलेला नट सोडवायला तो उत्तम, पण त्यातला बराचसा भाग उडून जातो. गिअरला टिकाऊ वंगण म्हणून त्याचा उपयोग नाही.

मग घ्यायचं काय? चाकांचा आस आणि मोटरचं बेअरिंग यांना हलकं सिंथेटिक तेल, तेही बाटलीवर ‘प्लॅस्टिकसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं. गिअरला मात्र ग्रीस, तेही प्लॅस्टिकला चालणारं. पातळ तेल फिरत्या दातांवरून उडून जातं, ग्रीस तिथेच धरून राहतं. माप म्हणाल तर सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. त्याआधी जुना चिकटा पुसून काढायचा. मोटरचे ब्रश आणि कम्युटेटर कोरडेच ठेवायचे. रूळही कोरडे हवेत, कारण वीज रुळांतून चाकांत येते. तिथे तेल लागलं की काळा थर साचतो आणि गाडी अडखळते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, साध्या ग्रीसमधलं तेल सुटून खाली ओघळतं. त्यात धूळ आणि कापसाची तूस. म्हणून इथे जास्त तेल म्हणजे जास्त घाण.

हे सगळं आपल्याला वर्गात कुणी शिकवतं का? व्हिस्कॉसिटीची व्याख्या परीक्षेत लिहून मार्क मिळतात, पण दोन बाटल्या समोर ठेवल्या तर कुठली उचलायची हे सांगता येत नाही. आपल्या आजोबांना बैलगाडीच्या आसाला कुठलं वंगण लावायचं ते माहीत होतं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये ग्रीस भरणाऱ्या माणसालाही कुठल्या बेअरिंगला काय लागतं ते पाठ असतं. या ज्ञानाला आपण ‘मेकॅनिकचं काम’ म्हणून बाजूला सारतो, आणि नुकसान आपलंच होतं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात १९९८ पासून गाड्या धावताहेत. रोज चालणारं मॉडेल हौसेने उभं राहतं, पण पुढे चालत राहतं ते निगराणीवर.

कॉलेजांकडे आमची मागणी साधी आहे. प्रोजेक्टच्या मार्कांत देखभालीलाही जागा द्या. प्रयोगशाळेत योग्य तेलाची आणि ग्रीसची एकेक बाटली ठेवा. २०१८ पासून जालन्यात रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे. तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना बोलावून तासभर तेलांवरच बोलू द्या.

आणि तुम्ही? बाटली महाग वाटत असेल तर चौघांत मिळून घ्या, वर्षानुवर्षं पुरते. या रविवारी गाडी उलटी करा, चाकांत अडकलेले केस-धागे चिमट्याने काढा. करकर तेवढ्यानेच थांबली तर तेलाची बाटली उघडूसुद्धा नका.